फी कुणाच्या खिशातून

४ मार्च, सोमवार

ही वही मला वकीलबाईंनी दिली होती, रोज कुठं आणि किती दुखतं ते लिहायला. अपिलात उपयोगी पडेल म्हणाल्या. मी इमानेइतबारे रोज लिहिलं. महिन्यानं त्यांनी ती वाचायला मागितली. निम्म्यापर्यंत जाता जाता हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, यात दुखणं कुठंय?" म्हणाल्या. मी म्हटलं, ते आहेच की, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? वही काही कोर्टात गेली नाही. उरलेली कोरी पानं आता माझ्या कामी येताहेत.

कारण आज आम्ही जिंकलो. मी लिफ्टचा मेकॅनिक. तीन वर्षांपूर्वी एका लिफ्टच्या खड्ड्यात पडलो आणि पाठीचं जे व्हायचं ते झालं. कंपनीनं फुलं पाठवली आणि माझ्या जागी दुसरा माणूस ठेवला. अपंगत्व भत्त्यासाठी अर्ज केला, तो सरकारी खात्यानं फेटाळला. पुन्हा केला, पुन्हा फेटाळला. त्यांचा तपासनीस घरी येऊन गेला होता, त्यानं अहवालात लिहिलं होतं, "अर्जदार संपूर्ण वेळ हसतमुख व विनोदी. वेदनेची लक्षणे आढळली नाहीत." मला ते प्रशस्तिपत्रकच वाटलं होतं, चौकट करून भिंतीवर लावू म्हणत होतो. हिनं, म्हणजे बायकोनं, माझ्याकडं असं पाहिलं की मी तो विषय सोडून दिला.

मग वकीलबाई भेटल्या आणि त्यांनी अपील केलं. आज दुपारी त्यांचा फोन आला. भत्ता मंजूर, आणि पहिला अर्ज केल्यापासूनची सगळी थकबाकीही. हिला सांगितलं तर ही डाव हातात धरून स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. भाजी करपली. आम्ही तीच आनंदानं खाल्ली.

९ मार्च, शनिवार

वकीलबाई घरी आल्या. तीन जिने चढून आल्यामुळं आधी पाणी प्यायल्या. पंचवीस वर्षं मी लोकांना वर-खाली नेलं आणि स्वतः राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, हे त्यांना अजून पटत नाही. कागद आणायला त्यांच्याकडं भाजीची पिशवीच असते. बॅग घ्यायला वेळ मिळाला नाही म्हणतात, पण मला वाटतं मिळाले नाहीत ते पैसे.

त्यांनी फीचं सांगितलं. आतापर्यंत माझ्याकडून त्यांनी एक पैसाही घेतलेला नाही. तसं आधीच ठरलं होतं, जिंकलो तर कोर्ट ठरवील. आता कोर्ट ते ठरवणार आहे. प्रकार असा आहे. खातं हरलं, पण हट्ट धरताना त्याची बाजू वाजवी होती, चांगला माणूसही तसाच फसला असता, असं कोर्टाला वाटलं, तर वकिलाची फी माझ्या थकबाकीतून कापायची, जास्तीत जास्त एक चतुर्थांश. आणि खात्याचा हट्ट वाजवी नव्हता असं ठरलं, तर फी खात्यानं द्यायची, माझ्या पैशाला हात लागणार नाही. याची वेगळी सुनावणी सत्तावीस तारखेला आहे.

मेहुणाही आला होता. हिचा थोरला भाऊ. विम्याच्या कचेरीत आहे, त्यामुळं जगात कुणीही कुणाला काहीही देऊ लागलं की त्याच्या पोटात गोळा येतो. "चतुर्थांश?" तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. वकीलबाई गेल्यावर तिसऱ्यांदाही म्हणाला.

मी त्याला म्हटलं, अरे, मी खड्ड्यात पडलो तेव्हा दोन माणसांनी वर ओढलं, त्यांनी हिस्सा मागितला नाही हे नशीब समज. त्यावरून मग मी लिफ्टमध्ये अडकलेल्या एका नवरा-नवरीचा किस्सा सांगितला, त्यावरून दुसरा, त्यावरून तिसरा. बैठक रंगली होती. इतक्यात ही गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, माझ्या पाठीशी ठेवली आणि भावाला म्हणाली, दादा, आता तू घरी जा. मी काही मागितलं नव्हतं. हिला कसं सुचतं कोण जाणे, पण पिशवीनं बरं वाटलं.

११ मार्च, सोमवार

ही जागा बघून आली. औषधांच्या दुकानामागं, तळमजल्यावर दोन खोल्या. उंबरठासुद्धा नाही म्हणाली, फरशी सरळ रस्त्यापासून आत येते. मागं छोटं अंगण आहे, त्यात एक नळ. हे सगळं सांगताना ती खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि हातांनी खोल्या दाखवत होती, इथं दार, इथं ओटा, इथं तुमची खाट.

घरमालकीण महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाली. अनामत मोठी आहे. थकबाकी पूर्ण मिळाली तर नेमकी पुरते. एक चतुर्थांश गेला तर नाही पुरत. हिनं हा हिशेब मला सांगितला नाही, पण कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं केलेला मला दिसला.

मी गेल्या महिन्यात एकदा खाली उतरलो होतो, दवाखान्यात जायला. त्याआधीचं आठवत नाही. खिडकीतून रस्ता दिसतो म्हणा. समोरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याला मी ओळखतो, तो मला ओळखत नाही. आमची मैत्री एकतर्फी आहे.

१४ मार्च, गुरुवार

मेहुणा एक कागद टाईप करून घेऊन आला. कोर्टाला द्यायचा. त्यात असं की वकीलबाईंनी दाखवलेले तास अवास्तव आहेत, बराच वेळ अर्जदाराशी फोनवर गप्पा मारण्यात गेला, सबब फी शक्य तितकी कमी ठरवावी. खाली माझ्या सहीची जागा. "जावईबापू," तो म्हणाला, "यात कुणाचं वाईट नाही. खिसा कुणाचाही असो, कमी कापला जावा एवढंच."

गप्पा मारण्यात गेला हे मात्र अगदी खरं होतं. सुनावणीच्या आधी बाई फोन करायच्या, मी काय काय उत्तरं द्यायची ते शिकवायला. "किती वेळ बसू शकता?" असं त्या विचारायच्या आणि मी सांगायचो की पाहुणा कोण आहे त्यावर अवलंबून आहे. मग त्या हसायच्या, मग पुन्हा विचारायच्या. एका प्रश्नाला कधीकधी अर्धा तास लागायचा. पण त्यांनी विचारणं सोडलं नाही. खात्याच्या माणसानं एकदा विचारलं, मी हसलो, त्यानं लिहून टाकलं. फरक तोच आहे.

मी मेहुण्याला म्हटलं, मी यावर सही करणार नाही. तो म्हणाला, मग तळमजला विसरा. मी हिच्याकडं पाहिलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं, आता काही बोलेल. ती म्हणाली, "दादा, तो कागद फाड. मला चोरून आणलेल्या खोलीत झोप लागायची नाही."

मेहुण्यानं कागद फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. विम्याची माणसं कागद फाडत नाहीत. चहा मात्र पूर्ण पिऊन गेला.

१९ मार्च, मंगळवार

आज दिवस बरा गेला. पेपर वाचला. हिच्याशी पंख्यावरून भांडलो, तिला तीनवर हवा होता, मला एकवर.

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन. फी माझ्यातून कापायची ठरली तर त्या निम्मीच मागणार म्हणाल्या. त्यांना तळमजल्याचं कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. मला रागच आला. एरवी मी काहीतरी गमतीचं बोललो असतो, पण आज सरळ म्हणालो, "बाई, तुम्ही माझी केस चालवलीत. आता माझी कीव चालवू नका."

त्या म्हणाल्या की त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्या आणखी काही जणांच्या फायली पडल्या आहेत. प्रत्येक वेळी फी गरिबाच्याच थकबाकीतून काढायची असेल तर त्यांना ती घ्यायला लाज वाटते, आणि नाही घेतली तर कचेरीचं भाडं थकतं. म्हणून खात्याकडून फी मिळणं त्यांना माझ्याइतकंच हवं आहे. मी म्हटलं, मग भांडा की जोरात. त्या म्हणाल्या, भांडते, पण तुम्ही कोर्टात आलात तर तोंडाला कुलूप लावायचं.

त्याचं कारणही सांगितलं. खात्याचा वकील म्हणणार, माणूस इतका हसरा होता की आमचा तपासनीस फसला, यात गैर काय? आणि मी तिथं जाऊन सगळ्यांना हसवलं तर तो म्हणेल, बघा. मी येऊच नये, माझी गरजही नाही, असं बाईंचं मत पडलं. मी म्हटलं, माझ्या पैशाची सुनावणी आहे, मी येणार. एक शब्द बोलणार नाही.

ही जवळच उभी होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि बाईंना म्हणाली, मीही येते.

२६ मार्च, मंगळवार

उद्या सुनावणी. माझा शर्ट इस्त्री झाला, बूट पुसून झाले. बुटांच्या नाड्या हीच बांधते, मला वाकता येत नाही. आज सराव म्हणून तिनं मला न बोलता पाऊण तास बसायला लावलं. मी बसलो. नंतर तिनं विचारलं, काय वाटलं? मी म्हटलं, लग्नाच्या पहिल्या आठवड्याची आठवण झाली. तिनं डोळे वटारले. सराव वाया गेला असं तिचं मत आहे.

खरं सांगायचं तर मला धाकधूक आहे. पैशाची नाही. म्हणजे पैशाचीही आहे, पण जास्त याची की माझ्या तोंडामुळं हिचा तळमजला जायचा. घरमालकिणीला महिना संपायच्या आत होय-नाही कळवायचंय. ही त्या नळाखाली झाडं लावायच्या गोष्टी करते आहे आणि मी इथं बसून उद्या गप्प बसायचं शिकतोय. या वयात.

२७ मार्च, बुधवार

सगळं लिहून काढतो, नाहीतर रात्री डोक्यात फिरत बसेल.

आमचे तीन जिने उतरताना बराच वेळ गेला, पण उतरलो. कोर्टात गेलो तर लिफ्टच्या दारावर बंद असल्याची पाटी. कोर्ट दुसऱ्या मजल्यावर. मी पाटीकडं बघून म्हटलं, बघितलंस, मी धंदा सोडला आणि काय अवस्था झाली. हिनं माझ्या कोपराखाली हात घातला आणि आम्ही चढायला लागलो. पहिल्या वळणावर मी पहारेकऱ्याला हसवलं. दुसऱ्या वळणावर फायलींचा गठ्ठा घेऊन उतरणाऱ्या कारकुनाला हसवलं, त्याच्या हातून दोन फायली पडल्या. वर पोचेपर्यंत मी असा काही रंगात आलो होतो की विचारू नका. एकामागून एक सुचत होतं. बाकावरची अनोळखी माणसंही ऐकायला सरकून बसली. वकीलबाई धावत आल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "काका, कुलूप." ही काही बोलली नाही. तिच्या कपाळाला घाम आला होता, मला वाटलं जिन्यामुळं.

खात्याचे वकील तरुण होते आणि त्यांना सडकून सर्दी झालेली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शिंकत शिंकत व्यवस्थित मुद्दा मांडला. हरलो हे मान्य, पण तपासनिसानं घरी जाऊन अर्जदाराला प्रत्यक्ष पाहिलं होतं. जो माणूस तासभर हसतो आणि हसवतो त्याची पाठ मोडलेली असेल असं कुणाच्या मनात येईल? चूक झाली, पण ती वाजवी चूक होती. मग वकीलबाई उठल्या. त्यांनी डॉक्टरांचे अहवाल वाचून दाखवले, एक्स-रे दाखवला. हे सगळं खात्याकडं होतं, तरी त्यांनी हसण्यावरच विश्वास ठेवला, असं त्या म्हणाल्या. चांगलं बोलल्या. मी गप्प होतो. खरंच गप्प होतो.

न्यायाधीश वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं, मी बाकावर कडेनं टेकलो होतो. त्यांनी चांगुलपणानं विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? नाही म्हणायचं होतं. एवढंच तर म्हणायचं होतं. मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, आमच्या धंद्यात लिफ्ट दोन तास अडकली तर लोक मला शिव्या घालायचे. माझी केस तीन वर्षं अडकली. तुमच्याकडं कुणाला घालायच्या?"

सगळे हसले. न्यायाधीशही हसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, आम्हाला घालायला वरचं कोर्ट आहे. त्यावर आणखी हशा. मीही हसलो. मग खात्याचे वकील उठले, नाक पुसलं आणि म्हणाले, "साहेब, आमच्या तपासनिसानं नेमकं हेच पाहिलं होतं. आत्ता आपण सगळ्यांनी पाहिलं तेच."

हसू जागच्या जागी थांबलं. वकीलबाईंनी डोळे मिटले. मला कळलं की मी हिचा तळमजला घालवला. पोटात खड्डा पडला, आणि विश्वास ठेवा, खड्ड्यात पडण्याचा मला अनुभव आहे.

तेवढ्यात मागच्या रांगेत ही उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, आपण कोण? शिपाई तिला बसवायला निघाला होता, न्यायाधीशांनी त्याला हातानं थांबवलं.

"मी यांची बायको," ती म्हणाली. "साहेब, यांना दुखलं की हे विनोद करतात. जास्त दुखलं की जास्त करतात. आज जिना चढल्यापासून थांबलेच नाहीत. बरं असतं तेव्हा हे पेपर वाचतात आणि माझ्याशी भांडतात."

कोर्टात कुणीच हसलं नाही. मला ते सगळं नवीन होतं. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय असं वाटत होतं, आणि तरी एकेक आठवत होतं, गरम पिशवी आठवत होती, मेहुण्याला घालवून दिलेलं आठवत होतं.

न्यायाधीशांनी विचारलं, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं का?

"सांगितलं की. खात्याचे साहेब घरी आले होते ना, ते निघाले तेव्हा मी त्यांच्यामागं जिन्यात गेले. सगळं सांगितलं. ते म्हणाले, लिहून घेतो."

न्यायाधीशांनी खात्याच्या वकिलांकडं पाहिलं. त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण त्यांनी फाईल उघडली, पानं उलटली, एका पानाशी थांबले. आधी शिंकले. मग म्हणाले, "आहे, साहेब. शेवटची ओळ. 'पत्नीचे म्हणणे वेगळे.'"

"वेगळे म्हणजे काय?"

"ते लिहिलेलं नाही."

"नंतर कुणी जाऊन विचारलं?"

वकील पुन्हा पानं उलटत राहिले, पण ते नुसतेच उलटत होते. "नाही, साहेब," म्हणाले.

मग न्यायाधीश माझ्याकडं वळले. तुमच्या पत्नी सांगतात ते खरं आहे का, असं विचारलं. माझ्या जिभेवर एक फार चांगला विनोद होता, अजूनही आठवतोय. मी तोंड उघडलं. ही माझ्याकडं बघत होती, त्या दिवशी जिन्यात त्या तपासनिसाकडं तिनं असंच पाहिलं असेल असं माझ्या मनात आलं. त्यानं तिला विचारलं नाही. पण तो तासभरच आला होता. मी तिच्याबरोबर तीस वर्षं राहतोय.

"खरं असणार, साहेब," मी म्हटलं. "आत्ता खूप दुखतंय."

एवढं म्हटल्यावर मला उभं राहवेना. न्यायाधीशांनी शिपायाला सांगून मला मागच्या बाकावर आडवं करवलं. हिनं आपली पिशवी माझ्या डोक्याखाली ठेवली. अशा रीतीनं पुढची सुनावणी मी छताकडं बघत ऐकली. छताचा रंग उडाला आहे.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल सांगितला. माणसाचं हसणं बघून फसणं समजू शकतं, असं न्यायाधीश म्हणाले. पण घरातल्या माणसानं वेगळं सांगितलं, ते वेगळं काय हे कुणी विचारलं नाही, आणि डॉक्टरांचे कागद समोर असताना खातं तीन वर्षं तसंच अडून बसलं, हे वाजवी म्हणता येणार नाही. फी खात्यानं द्यायची. अर्जदाराच्या थकबाकीला हात लावायचा नाही.

तासांवरही वाद झाला. खात्याचे वकील म्हणाले की फोनचे तास फारच आहेत. न्यायाधीशांनी यादी पाहिली, आडव्या पडलेल्या मला पाहिलं, आणि थोडे तास कमी केले. अर्जदाराच्या विनोदांना वकिलांनी दिलेला सगळाच वेळ खात्यावर लादता येणार नाही, म्हणाले. वकीलबाईंनी आनंदानं मान डोलावली.

बाहेर आल्यावर वकीलबाई हिचे हात धरून म्हणाल्या, "काकू, ती ओळ मी कितीदा वाचली असेन. मलाही वाटलं, बायकोचं काय, वेगळं असणारच. मीही तुम्हाला विचारलं नाही हो." आणि त्या रडल्या. भाजीच्या पिशवीतून रुमाल काढायला गेल्या तर कागदच निघाले. शेवटी रुमाल खात्याच्या वकिलांनी दिला. त्यांच्याजवळ बरेच होते.

घरी येताना तिन्ही जिने चढायला खूप वेळ लागला. मी एकही विनोद केला नाही, प्रत्येक वळणावर नुसतं "दुखतंय" म्हणालो. म्हणायला भारी अवघड जातं, पहिल्यांदा तर चोरी केल्यासारखंच वाटलं. दर वेळी ही "हं" म्हणायची आणि आम्ही थांबायचो.

२८ मार्च, गुरुवार

हिनं सकाळीच घरमालकिणीला होय सांगून टाकलं.

मेहुणा पेढे घेऊन आला. चतुर्थांश वाचला म्हणून त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झालाय. तो घडी केलेला कागद त्यानं खिशातून काढला आणि आमच्यासमोर फाडला. मी आयुष्यात पहिल्यांदा विम्याच्या माणसाला कागद फाडताना पाहिलं. तुकडे त्यानं परत खिशातच ठेवले.

पाठ आज कालचीच शिक्षा भोगते आहे. खाली, डाव्या बाजूला, पायापर्यंत. दुपारी थोडं कमी होतं, तिन्हीसांजेला वाढतं. हे असं लिहायचं होतं वाटतं बाईंना.

२० एप्रिल, शनिवार

नव्या घरात येऊन आठवडा झाला. सकाळी मी एकटा, काठी घेऊन, दारातून बाहेर पडलो आणि रस्त्यावर उभा राहिलो. एवढंच केलं. औषधांच्या दुकानदारानं विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, नुसता उभा आहे. खूप बरं वाटलं. परत आलो तेव्हा धाप लागलेली नव्हती.

मग पेपर वाचला. खाट खिडकीशी ठेवायची की भिंतीशी, यावरून हिच्याशी वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

दुपारी वकीलबाईंचा फोन आला. खात्यानं फी जमा केली, भाडं भरलं, आणि आता एका गवंड्याची केस घेतली आहे, तोही असाच. बायकोचा जबाब त्यांनी सगळ्यात आधी घेतला. काका, त्याच्याशी एकदा बोलाल का, म्हणाल्या. मी हो म्हटलं.

संध्याकाळी काहीतरी गमतीचं लिहावं म्हणून वही घेऊन बसलो. बसूनच राहिलो. काहीच येईना. ही अंगणातल्या नळाखाली पातेलं घासत होती. मी तिला आतूनच म्हटलं, अगं, आज एकही विनोद सुचत नाहीये, डोकं गेलं की काय माझं?

नळ बंद झाल्याचा आवाज आला. ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले होते आणि हसतही होती.

"असू दे," ती म्हणाली. "सुचू देऊ नका."

मला गलबलून आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी म्हटलं, खाट खिडकीशीच राहणार. ती म्हणाली, भिंतीशी. आणि आम्ही जेवण होईपर्यंत भांडलो.